मशीन म्हातारं कधी होतं? बारा बोर्डांची गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास

माझ्या प्रयोगासाठी मला बारा सर्किट बोर्ड हवे होते. बाराशे नाही, बाराच. डिझाइन तयार होतं, सुटे भाग आणून ठेवले होते, उघडे पीसीबी बनून आले होते. राहिलं होतं फक्त भाग बसवून सोल्डर करण्याचं काम. मोठ्या असेंब्लीवाल्यांनी आकडा ऐकून फोन ठेवले. शेवटी सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या छोट्या युनिटच्या काकांनी ते काम घेतलं.

बोर्ड आले. बारापैकी आठ शहाण्यासारखे वागले. उरलेले चार सकाळी एक वाचन द्यायचे आणि दुपारी खोली तापली की दुसरंच. मी आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतला, मग सेन्सरवर, मग वीजपुरवठ्यावर. यात चार महिने गेले. शेवटी बोट ठेवलं गेलं ते एका चिपच्या पोटाखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सोल्डरच्या गोळ्यांवर. त्या चार बोर्डांचा सगळा डेटा मला टाकून द्यावा लागला.

हे सांगायला मी परत त्या शेडमध्ये गेले, तर तिथे वेगळंच संकट उभं होतं. भाग बसवणारं पिक अँड प्लेस मशीन बंद पडलं होतं. मोटर ठीक, हात ठीक, पण त्याचा संगणक सुरूच होत नव्हता. काकांच्या टेबलावर तीन कोटेशनं पडली होती: एक नव्या वेगवान मशीनचं, एक सेकंडहँडचं आणि एक दुरुस्तीचं. ते म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना? मग मला एवढंच सांग, यातलं नेमकं काय जुनं झालंय?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी तो लिहायचं कारण साधं आहे. आपण आपल्या उपकरणाची अचूकता तपासतो, पण ते उपकरण ज्या यंत्रावर तयार झालं, त्या यंत्राचं वय कधी विचारत नाही. आणि तेच वय गुपचूप आपल्या डेटात उतरतं.

हाताचा काळ

सुरुवात हातापासून करू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) 'टीफ्रॅक' नावाचा संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये पूर्ण रूपात चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. संख्या प्रचंड, पण तयार झालेला नग एक. आजच्या भाषेत ही एका नगाची बॅच. इथे भाग बसवायचं मशीन कोणी घेतलं असतं का? नाही. एका नगासाठी माणसाचा हात हेच सगळ्यात लवचिक यंत्र असतं. त्याला प्रोग्राम लागत नाही, नवा भाग आला म्हणून त्याचे सुटे भाग बदलावे लागत नाहीत.

पण हाताला मर्यादा आहे, आणि ती संख्येची आहे. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत बोर्डांवर भाग बसवण्याच्या कामावर मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. भागाचे पाय वाकवायचे, भोकांतून घालायचे, खालून सोल्डर करायचं, उरलेले पाय कापायचे. दिवसभर तेच. ज्या कामाला आपण 'असेंब्ली' असा एक शब्द वापरतो, त्यात अशा चार-पाच वेगळ्या हालचाली आहेत. यंत्रांनी एकेक करून या हालचाली उचलल्या. सोल्डरिंगची हालचाल त्यातल्या त्यात लवकर गेली: १९५६ मध्ये ब्रिटनच्या फ्राय्ज मेटल फाउंड्रीजने वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून अख्खा बोर्ड नेण्याची पद्धत आणली. सगळे सांधे एका फेरीत. आजही पाय असलेल्या भागांसाठी ही 'वेव्ह सोल्डरिंग' पद्धत वापरात आहे.

बूट, शिलाई आणि सर्किट

भाग बसवण्याची हालचाल उचलायला मात्र अनपेक्षित मंडळी पुढे आली. अमेरिकेत पाय असलेले भाग बोर्डात घुसवणारी 'डायनासर्ट' यंत्रं ज्या कंपनीची होती, तिचा मूळ धंदा बूट शिवायच्या यंत्रांचा: युनायटेड शू मशिनरी. जपानची जुकी ही शिलाई मशीनची कंपनी १९८७ मध्ये याच क्षेत्रात उतरली. पॅनासॉनिकचं 'पॅनासर्ट' त्याआधी, १९६८ मध्ये आलं होतं.

यात आश्चर्य नाही. टाचणी, टाका किंवा खिळा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने, हजारो वेळा बसवायचा, ही विद्या या लोकांकडे आधीपासून होती. चामड्याच्या जागी बोर्ड आला, एवढंच.

पण या इतिहासात एक फसलेला प्रयोगही आहे आणि त्याचा धागा भारताशी जुळतो. १९४७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जॉन सारग्रोव्ह यांनी रेडिओ जवळजवळ आपोआप बनवणारं यंत्र उभं केलं. सुटे भाग बसवण्याऐवजी ते प्लास्टिकच्या पाटीवर धातू फवारून सर्किटचे बरेचसे भाग तिथेच तयार करायचं. काळाच्या कितीतरी पुढची कल्पना! तो स्वस्त, दोन व्हॉल्व्हचा रेडिओ ज्या बाजारांच्या भरवशावर होता, त्यात भारत होता. स्वातंत्र्यानंतर ती ऑर्डर गेली आणि योजना कोसळली. यंत्र बिघडलं नव्हतं, त्याची झीज झाली नव्हती. फक्त ते ज्या एका वस्तूसाठी बनलं होतं, ती वस्तू कोणाला नको होती.

ही नोंद वहीत लिहून ठेवा. यंत्र म्हातारं होण्याचा हा पहिला प्रकार: काम बदललं, यंत्र बदलू शकलं नाही.

भागांचे पाय गेले

आता लोणी काळभोरकडे या. या गावाचं इलेक्ट्रॉनिक्सशी नातं जुनं आहे. फिलिप्सचा सुट्या भागांचा कारखाना इथे होता. १९९९ मध्ये फिलिप्सने पॅसिव्ह भागांचा, म्हणजे कपॅसिटर-रेझिस्टरसारख्या भागांचा, जागतिक धंदा विकला आणि त्याची 'बीसी कंपोनंट्स' ही कंपनी झाली. २००२ च्या अखेरीस ती अमेरिकेच्या विशे कंपनीने घेतली. गेटवरची पाटी दोनदा बदलली, पण बोर्डावर बसणारे भाग बनवण्याची ओळख लोणीला राहिली.

फिलिप्सचं नाव इथे मी मुद्दाम घेतेय. याच कंपनीने १९६९ मध्ये एसओटी-२३ नावाचा ट्रान्झिस्टरचा छोटा साचा आणला. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, आणि भोकात घालायचे लांब पाय नाहीत. तो बोर्डाच्या पृष्ठभागावर नुसता ठेवायचा. पुढे फिलिप्सने असे भाग बोर्डावर ठेवणारी यंत्रंही बनवली. तो विभाग नंतर 'असेंब्लिऑन' या नावाने वेगळा झाला आणि २०१५ मध्ये कुलिके अँड सोफा या कंपनीकडे गेला. म्हणजे एकाच छपराखाली भागही बदलत होता आणि त्याला बसवणारं यंत्रही.

भागांचे पाय गेले तेव्हा काय झालं, ते नीट समजून घ्या. पाय वाकवून भोकात घुसवणारं उत्तम स्थितीतलं, तेलपाणी केलेलं यंत्र नव्या बोर्डांसाठी निरुपयोगी ठरलं. आणि हे एकदाच घडलं नाही. पृष्ठभागावर बसणारे भागही लहान होत गेले. त्यांची नावं इंचाच्या शतांश भागांवरून पडली आहेत: १२०६ म्हणजे ३.२ × १.६ मिलिमीटर, ०८०५ म्हणजे २ × १.२५, ०६०३ म्हणजे १.६ × ०.८, ०४०२ म्हणजे १ × ०.५, आणि ०२०१ म्हणजे ०.६ × ०.३. शेवटचा भाग बोटावर घेतलात तर मिठाचा कण वाटेल.

जुन्या यंत्रांत उचललेला भाग चार बाजूंनी छोट्या चिमट्यात धरून मध्यावर आणला जायचा. १२०६ साठी ही युक्ती छान चालते. पण ज्या चिपला कडेला पायच नाहीत, सगळे संपर्क पोटाखाली आहेत, तिच्यासाठी कॅमेरा लागतो. यंत्राने खालून फोटो काढायचा, गोळ्यांची रांग ओळखायची, किती अंश फिरवायचं ते ठरवायचं. १९९० च्या दशकात बॉल ग्रिड ॲरे चिपा पसरल्या आणि चिमट्यांची यंत्रं एका फटक्यात मागे पडली.

म्हातारपणाचा दुसरा प्रकार: यंत्र तेच, पण त्याचं खाद्य बदललं.

लायसन्सपासून सेकंडहँडपर्यंत

आपल्याकडे या इतिहासाला आणखी एक पदर आहे. १९९१ पूर्वी परदेशी यंत्र आणायचं म्हणजे आयात परवाना, परकीय चलनाची मंजुरी आणि जबर जकात. सीप्झच्या कुंपणाच्या आत निर्यातीसाठी जकातीशिवाय यंत्र आणता यायचं; कुंपणाबाहेरच्या उद्योजकाला तेच यंत्र परवडायचं नाही. म्हणून एकाच राज्यात दोन काळ शेजारी शेजारी नांदत होते.

१९९१ नंतर दार उघडलं. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य झाला आणि २००५ पर्यंत त्या यादीतल्या वस्तूंवरची जकात शून्यावर आली. सुटे भाग स्वस्त झाले, पण तयार मालही स्वस्तात येऊ लागला. ज्याला लाखांच्या संख्येत माल काढायचा होता, त्याची स्पर्धा आता थेट चीनशी होती. छोट्या युनिटांकडे काय उरलं? जे मोठ्यांना परवडत नाही ते: पन्नास नगांचं कंट्रोल कार्ड, दोनशे नगांचं वैद्यकीय उपकरण, कुण्या पीएचडीवालीचे बारा बोर्ड.

आणि हे काम करायला त्यांनी काय घेतलं? बहुतेक वेळा बाहेरच्या मोठ्या कारखान्याने बदलून टाकलेलं यंत्र. तिथे ते काढलं कारण लाखोंच्या उत्पादनात ते मंद पडलं. इथे ते 'नवीन' म्हणून आलं. काकांचं मशीनही असंच आलेलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण एक गोष्ट विसरू नका: सेकंडहँड यंत्राबरोबर तुम्ही दुसऱ्याची गरजही विकत घेता. ते यंत्र वेगासाठी बनलेलं होतं, आणि काकांना वेग नकोच होता.

१ जुलै २००६

माझे चार बोर्ड का फसले, याचं उत्तर एका तारखेत आहे.

जुनं सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं, ६३ ला ३७ या प्रमाणात. ते १८३ अंशांना वितळतं. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंदी आली. भारतात ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांनी तशीच मर्यादा आणली आणि ती १ मे २०१४ पासून लागू झाली. शिशाच्या जागी कथील, चांदी आणि तांबं यांचं मिश्रण आलं. ते साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं.

फरक ३४ अंशांचा. कागदावर किरकोळ वाटतो. पण रिफ्लो ओव्हनसाठी, म्हणजे ज्या बोगद्यासारख्या भट्टीतून बोर्ड सरकत जातो तिच्यासाठी, तो जीवघेणा आहे. शिसंविरहित सोल्डरला भट्टीत २३५ ते २५० अंशांपर्यंत न्यावं लागतं, आणि बहुतेक भाग २६० च्या पुढे टिकत नाहीत. मधली जागा अरुंद आहे. जुन्या, कमी कप्प्यांच्या भट्टीत बोर्डाचा एक कोपरा तापतो आणि मोठ्या चिपखालचा भाग थंड राहतो.

काकांकडे तशीच जुनी भट्टी होती, म्हणून ते शिशाची पेस्ट वापरायचे. संशोधनाच्या कामासाठी ते चालतंही. अडचण अशी, की मी आणलेली चिप नवी होती. तिच्या पोटाखालच्या गोळ्या शिसंविरहित होत्या, कारण कारखान्यातून आता तशाच येतात. पेस्ट १८३ ला वितळली, भट्टी २१० च्या आसपास थांबली, आणि गोळ्या अर्धवट मऊ होऊन तशाच राहिल्या. सांधा दिसायला जुळला, पण एकजीव झाला नाही. दुपारी बोर्ड तापला, साहित्य किंचित पसरलं, संपर्क सुटला. संध्याकाळी पुन्हा जुळला. माझ्या आलेखात ते तापमानाचं 'रोचक' वर्तन म्हणून दिसत होतं. आणखी महिनाभर लक्षात आलं नसतं, तर कदाचित मी त्यावर पेपर लिहिला असता!

म्हातारपणाचा तिसरा प्रकार: यंत्र चालू आहे, पण कायद्याने आणि रसायनाने त्याच्या पायाखालची जमीन हलवली. आणि गंमत बघा, बंद पडलेलं पिक अँड प्लेस मशीन सगळ्यांना दिसत होतं. खरं म्हातारं झालेलं यंत्र, भट्टी, मात्र रोज इमानेइतबारे चालू होती.

मेंदू गेला, हात राहिले

बंद पडलेल्या मशीनचं काय? त्याचा रोग चौथा. ते प्रोग्राम फ्लॉपीवरून वाचायचं. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ मध्ये थांबवलं. अशी कितीतरी यंत्रं आहेत ज्यांचे लोखंडी हात अजून वीस वर्षं चालतील, पण ज्यांचा संगणक, कार्ड किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बाजारातून नाहीशी झाली आहे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला निरोप दिला. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत ती त्यानंतरही वर्षानुवर्षं राबत राहिली. तुमच्या विभागातल्या एखाद्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला पिवळट संगणक आठवतोय ना? तोच हा रोग.

यावर उपाय कधीकधी अगदी स्वस्त असतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा आणि पेनड्राइव्ह वाचणारा छोटा डबा बाजारात मिळतो. यंत्राला वाटतं फ्लॉपीच आहे. म्हणजे अख्खं यंत्र बदलण्याआधी विचारायचा प्रश्न हा: कुठला थर म्हातारा झालाय? हात, डोळे, मेंदू की खाद्य?

वेगाचा हिशेब

आता काकांच्या पहिल्या कोटेशनकडे येऊ. विक्रेता म्हणत होता, तासाला २०,००० भाग बसवणारं मशीन घ्या. सेकंडहँडवालं तासाला ३,०००. कोणतं बरं? एक हिशेब मांडू. आकडे मी सोपे धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा बोर्ड बारा, प्रत्येकावर १५० भाग. एकूण १,८०० भाग. वेगवान मशीन ते साडेपाच मिनिटांत बसवेल, मंद मशीन ३६ मिनिटांत. पण १५० भागांमध्ये वेगवेगळे प्रकार समजा ४० आहेत. प्रत्येक प्रकाराची पट्टी रीळावर येते, ती फीडरमध्ये घालायची, फीडर मशीनला लावायचा, जागा तपासायची. एका फीडरला तीन मिनिटं धरली तर १२० मिनिटं झाली.

वेगवान मशीन: साधारण १२५ मिनिटं. मंद मशीन: १५६ मिनिटं. वेग सहापटीहून जास्त, पण एकूण वेळ फक्त पाचव्या भागाने कमी.

आता दुसरी युक्ती. ४० पैकी २५ प्रकार प्रत्येक कामात लागणारेच असतात: १० किलोओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वगैरे. त्यांचे फीडर मशीनवर कायमचे लावून ठेवले, तर बदलायचे राहिले १५. म्हणजे ४५ मिनिटं. मंद मशीनवर एकूण ८१ मिनिटं! मंद मशीन, पण जास्त फीडरच्या जागा आणि नीट मांडणी, हे वेगवान पण रोज रिकाम्या होणाऱ्या मशीनला हरवतं. दोन्ही एकत्र मिळालं तर ५० मिनिटं, पण त्या शेवटच्या ३१ मिनिटांसाठी किती पैसे मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

उद्योगाच्या इतिहासात वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो, कारण मोठ्या कारखान्यांना तोच विकायचा असतो. उलट वाटेने जाणारेही होते. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये उभी राहिलेली मायडेटा कंपनी भरपूर प्रकार आणि कमी नग या कामासाठीच ओळखली गेली. फीडर चटकन बदलता यावेत, यावर तिचा भर होता. २००९ मध्ये ती मायक्रॉनिक या कंपनीत गेली आणि पुढे नाव झालं मायक्रॉनिक मायडेटा. म्हणजे छोट्या बॅचचा प्रश्न हा गरिबांचा प्रश्न नाही. तो वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं मापही वेगळं आहे: एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जायला किती वेळ लागतो?

खोडदचा धडा

बदल करायचा ठरला, तरी तो कसा करायचा? याचं आपल्या जवळचं उत्तम उदाहरण असेंब्लीच्या शेडमध्ये नाही, दुर्बिणीत आहे. ते इथे देतेय कारण छोट्या बॅचचं इलेक्ट्रॉनिक्स चालू ठेवून बदलायचं कसं, हे तिथे उघड दिसतं.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या वाय आकारात २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आता बोर्डांच्या नजरेने बघा. ३० अँटेना, प्रत्येकी ध्रुवीकरणाचे दोन मार्ग. एखादं कार्ड प्रत्येक मार्गाला एक लागलं तर नग ६०, अधिक राखीव. जगातल्या नामवंत दुर्बिणीची गरजसुद्धा शंभराच्या आत. कुठलाच मोठा कारखाना यासाठी आपली लाइन थांबवणार नाही.

या दुर्बिणीची मूळ यंत्रणा एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा बघायची. पुढच्या सुधारणेत तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला, ग्राहक यंत्रणा बदलल्या, आणि मागची गणना करणारी यंत्रणा बाजारात मिळणाऱ्या एफपीजीए बोर्डांवर आणि ग्राफिक्स कार्डांवर उभी केली. त्याआधी साधारण २०१० च्या सुमारास, नेहमीच्या संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा आली होतीच. पण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही: दुर्बीण बंद केली नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवून तिच्या शेजारी नवी उभी राहिली, अँटेनामागून अँटेना बदलत गेल्या, आणि खगोलशास्त्रज्ञांची निरीक्षणं सुरूच होती.

जुनं आणि नवं काही काळ शेजारी चालवण्याचा फायदा फक्त काम न थांबण्याचा नसतो. दोघांची तुलना करता येते. नवं यंत्र चुकतंय की जुनं चुकत होतं, हे त्याशिवाय कळत नाही. मी पहिल्या दिवशी एक बोर्ड हाताने सोल्डर करून बाकीच्यांशेजारी ठेवला असता, तर माझे चार महिने वाचले असते.

तुम्ही काय कराल

तुमच्यापैकी कोणी उपकरणांच्या इतिहासावर काम करणार असाल, तर अशा शेडसारखं दुसरं दप्तर नाही. यंत्राच्या पाठीवरची पाटी वाचा: देश, वर्ष, अनुक्रमांक. मेंटेनन्सची वही मागा. कोणता भाग किती वेळा बदलला ते त्यात असतं. कंपनीने पाठवलेलं 'आता सुटे भाग मिळणार नाहीत' हे पत्र शोधा. आणि चालवणाऱ्यांशी बोला. काकांच्या शेडमधल्या ताई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मोठ्या चिपवाले बोर्ड भट्टीतून दोनदा काढावे लागतात." मी ते वहीत लिहिलं नाही. माझ्या संशोधनातली ती सगळ्यात महाग चूक.

आणि जे इतिहासावर काम करणार नाहीत, त्यांनी बोर्ड बनवायला देताना तीन प्रश्न विचारावेत. कोणती पेस्ट वापरता? भट्टीचं तापमान माझ्या चिपच्या खाली मोजलंय का, की फक्त भट्टीच्या पडद्यावर वाचलंय? आणि माझ्या कामाआधी या मशीनवर कोणतं काम होतं? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण एखाद्या फीडरवर आधीच्या कामाचं रीळ चुकून राहिलेलं असू शकतं.

काकांनी शेवटी काय केलं? वेगवान मशीन घेतलं नाही. जुन्या मशीनला पेनड्राइव्ह वाचणारा डबा बसवला आणि ते मोठ्या, जाड भागांच्या कामांसाठी ठेवलं. पैसे आधी नव्या भट्टीत घातले. जास्त फीडरच्या जागा असलेलं, कॅमेऱ्याचं मंद मशीन त्यांनी पुढच्या वर्षासाठी मनात धरलंय.

परवा गेले तेव्हा नवी भट्टी लागली होती. ताईंनी माझा जुना, खराब बोर्ड नमुना म्हणून भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलाय. त्याखाली मार्करने लिहिलंय: 'चिपच्या खाली मोजा.'